बाबांचा उजवा खांदा

६ फेब्रुवारी

बाबा काल कामावर पडता पडता वाचले. लाकडी घोड्यावर उभे राहून छताला रंग देत होते. घोड्याचा पाय सरकला आणि त्यांनी उजव्या हाताने खिडकीवरचा पाइप धरला. सगळं वजन त्या एका हातावर आलं. हे मला आज काकाने सांगितलं. घरी बाबांनी ‘जरा लचकलंय’ एवढंच सांगितलं होतं.

त्याहून वाईट म्हणजे त्याच हाताने त्यांनी ते छत पुरं केलं. तू त्यांना थांबवलं का नाहीस म्हणून मी काकावर चिडले. तो म्हणाला, छत अर्धं सोडता येत नाही. ओल्या रंगाला ओलाच रंग भेटावा लागतो, नाहीतर मधोमध जोड दिसतो आणि बघणारा जन्मभर तोच बघत बसतो. मी म्हटलं, मग खांद्याचा जोड कोण बघणार? तो ब्रश धुवायला निघून गेला.

आज सकाळी बाबांनी डाव्या हाताने भांग पाडला. शर्टाची बटणं आईने लावली. दोघंही अशा चेहऱ्याने उभे होते की जणू हे रोजचंच आहे.

७ फेब्रुवारी

दुरुस्ती: पाइप नव्हता, खिडकीचा गज होता. काकाला पुन्हा विचारलं.

१४ फेब्रुवारी

खांद्याचे फोटो परवा काढले, ते आज हाडांच्या डॉक्टरांनी बघितले. फोटो म्हणजे त्या लांब नळीच्या मशीनमधले. आत जाण्याआधी बाबांनी तिथल्या बाईंना दोनदा विचारलं होतं, ‘झोपवणार नाही ना?’ त्या हसल्या. नुसतं पडून राहायचं, म्हणाल्या. बाहेर आले तेव्हा बाबांची बनियन घामाने भिजली होती. आत फार उकडतं, म्हणाले. मी नंतर आत जाऊन पाहिलं, खोली चांगली गार होती.

डॉक्टरांनी मुठीवर रुमाल पांघरून समजावलं. मूठ म्हणजे खांद्याचा गोळा, रुमाल म्हणजे त्याला धरून ठेवणारी चार स्नायूंची टोकं. त्यातलं वरचं टोक फाटलं आहे. भोक लहान आहे, पण आरपार आहे. दोन रस्ते आहेत. एक, ऑपरेशन करून टोक हाडाला पुन्हा शिवायचं, मग काही आठवडे हात झोळीत आणि पुढे महिनोन्महिने व्यायाम. दुसरा, आधी नुसता व्यायाम. त्याने फाटलेलं शिवलं जात नाही, पण बाकीचे स्नायू भार उचलायला शिकतात. पुष्कळांचं त्यावरही भागतं. कुणाचं भागेल आणि कुणाचं भोक वाढेल, हे आधी सांगता येत नाही.

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आईने माझ्याकडे पाहिलं. मग बाबांनी.

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. विजेच्या बिलापासून औषधाच्या बाटलीवरच्या बारीक अक्षरांपर्यंत जे काही वाचायचं असतं ते माझ्याकडे येतं. वाचल्यावर काय करायचं तेही मीच सांगायचं, हा नियम कधी झाला ते आठवत नाही. मी विचार करून सांगते म्हटलं.

बाबांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. ऑपरेशनला पूर्ण झोपवतात का? पूर्ण झोपवतात, डॉक्टर म्हणाले. बाबांनी मान हलवली आणि उठून दाराकडे निघाले.

१८ फेब्रुवारी

चार दिवस वाचते आहे. जेवढं वाचावं तेवढा गोंधळ वाढतो. एके ठिकाणी म्हणतात, पडून फाटलं असेल तर लवकर शिवलेलं बरं. दुसरीकडे म्हणतात, पन्नाशीनंतर व्यायामाने तेवढाच गुण येतो. दोन्ही खरं असणार. मी काम करते त्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना असा उलटसुलट बोलला तर मी सरळ दुसरा नमुना मागवते. इथे खांदा एकच आहे.

आज सगळे बसलो. काका म्हणाला, दादाने आयुष्यात कधी हात वर केले नाहीत, आता करायचे म्हटले तर होत नाहीत. बाबांसकट सगळे हसले. मग मी सांगितलं, आधी तीन महिने व्यायाम करू, नाही जमलं तर ऑपरेशन आहेच.

‘झालं तर. पोरीने सांगितलं ना, मग विषय संपला.’ बाबा इतक्या पटकन म्हणाले की मला माझी कारणंसुद्धा सांगता आली नाहीत. मी ती पाठ केली होती. मग ते पोटभर जेवले, डॉक्टरांकडे गेलो त्या दिवसापासून पहिल्यांदाच. माझ्यावर त्यांचा एवढा भरवसा आहे हे तेव्हा कळलं. मी नाही जेवले.

२३ फेब्रुवारी

व्यायाम शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील, पण आवाज मुख्याध्यापिकेचा आहे. वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा सोडायचा. काठी दोन्ही हातांत धरून डाव्याने उजव्याला वर न्यायचं. भिंतीवर बोटं चालवत चढायचं. रबरी पट्टा नंतर. दुखणं दहापैकी किती ते रोज बघायचं. तीन-चारपर्यंत चालेल, वर गेलं तर थांबायचं आणि कळवायचं.

घरी आल्यावर मी बाबांना स्पष्ट सांगितलं. खरा आकडा सांगायचा. चारच्या वर जायला लागलं तर व्यायाम लागू पडत नाही असं समजायचं आणि ऑपरेशनची तारीख घ्यायची. ते म्हणाले, कळलं.

भिंतीवर बोटं चालवताना ते मध्येच थांबले. मला वाटलं दुखलं. तर म्हणाले, इथे रंगाखालची लांबी नीट घासलेली नाही, कुणी केली होती? त्यांनीच केली होती.

दुखणं: तीन.

२ मार्च

तीन.

९ मार्च

तीन. व्यायाम अगदी मन लावून करतात. मी घड्याळ घेऊन समोर उभी राहते. आई म्हणते, उभी राहू नकोस, त्यांना दडपण येतं. पण मोजायला कुणीतरी हवंच ना.

आज त्यांनी पुन्हा विचारलं, भूल देतात म्हणजे नेमकं काय करतात. चहा पिताना, सहज. त्यांना अशा गोष्टींचं कुतूहल वाटतं हे मला माहीत नव्हतं. मी सगळं वाचून नीट सांगितलं. आधी सुई, मग औषध, मग श्वासाची नळी, आणि मशीन श्वास देतं. ‘मशीन देतं,’ असं म्हणून त्यांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच राहिला.

१५ मार्च

आईने बाबांच्या शर्टांचा हूक खाली लावला आहे, अगदी कमरेपाशी. का म्हणून विचारलं तर म्हणाली, वरची भिंत पोखरली आहे. मी पाहिली, कुठे पोखरलेली दिसली नाही. पण आईचं लक्ष माझ्यापेक्षा बारीक असतं.

बैठकीच्या खोलीतली खुर्ची हल्ली सकाळी उशीसकट खिडकीपाशी सरकलेली असते. कुणी सरकवत नाही म्हणतात.

तीन.

२४ मार्च

काकाने पहिलं छत एकट्याने केलं. मालकाने त्याला परत बोलावून पुन्हा करून घेतलं. बाबा बघायला गेले होते. आल्यावर हातपाय धुऊन बसले आणि बराच वेळ आमच्याच छताकडे बघत राहिले. मी विचारलं, काकाचं काय चुकलं? म्हणाले, त्याचं काही चुकलं नाही, त्याला भिंती येतात. मग थोड्या वेळाने म्हणाले, छत सगळ्यांना येत नाही.

विचारायची वेळ नव्हती, पण नेमाने विचारलं. तीन.

३ एप्रिल

भूल अर्धवट देऊन, माणसाला जागं ठेवून ऑपरेशन होतं का, ते वाचून ठेव म्हणाले. मी म्हटलं, बाबा, आपण ऑपरेशन करतच नाही आहोत. ते म्हणाले, नुसतं वाचून ठेव.

वाचलं. काही ठिकाणी फक्त हात बधिर करून करतात, पण खांद्यासाठी बहुतेक झोपवतातच. तसं सांगितलं. ‘असू दे,’ म्हणाले. तीन.

१६ एप्रिल

हे नीट लिहायला हवं.

आज प्रयोगशाळेत विहिरीचं पाणी, टाकीचं पाणी आणि गाळलेलं पाणी असे तीन वेगळे नमुने होते. मीटरने तिन्हींना एकच आकडा दिला. मी क्षणभरही विचार केला नाही. मीटर अडकला आहे, बाजूला ठेवा, असं सांगून दुसरा घेतला. शेजारची सहकारी म्हणाली, कदाचित खरंच सारखं असेल. मी तिला जरा वरच्या पट्टीत सांगितलं, खरी गोष्ट थोडी तरी हलते, जे अजिबात हलत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

घरी चालत येताना माझं वाक्य माझ्याच कानात वाजलं आणि मी रस्त्यात उभी राहिले. फेब्रुवारीपासून बाबांचा आकडा हललेला नाही. ढगाळ हवेत नाही, पट्टा सुरू केला त्या दिवशी नाही, काकाबरोबर डबे उचलायला गेले त्या दिवशीही नाही.

आई ओट्यापाशी होती. मी विचारलं, बाबांना खरं किती दुखतं? तिने हातातलं काम सोडलं नाही. म्हणाली, रात्री आडवं होता येत नाही त्यांना, खुर्चीत बसून झोपतात. हूक खाली घेतला कारण हात तिथवरच जातो. मी म्हटलं, अगं, मग मला सांगितलं का नाहीस? मी रोज विचारत होते.

‘तू त्यांना विचारत होतीस,’ आई म्हणाली. ‘मला कधी विचारलंस?’

१७ एप्रिल

काल पुढे लिहिता आलं नाही.

निर्णय माझा होता आणि तो चुकला. त्यात भर म्हणजे मी अशी अट घातली की त्यांना खरं बोलता येईना. माझा शब्द खोटा पडू नये म्हणून ते गप्प राहिले. आज मी बाबांना हे सगळं सांगितलं आणि माफी मागितली. मला वाटलं ते डोक्यावरून हात फिरवतील. ते वैतागले.

‘तुझं काय चुकलं? मला जे हवं होतं तेच तू सांगितलंस.’

मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असणार. त्यांना ऑपरेशन नको होतं असं थोडंच आहे. पन्नास फूट उंचीवर झुल्यात बसून बाहेरच्या भिंती रंगवणारा माणूस आहे तो.

खरा आकडा सांगा म्हटलं. तो दिवसावर आहे, म्हणाले. आज? आज सहा.

१० मे

पुन्हा नळीचं मशीन, पुन्हा डॉक्टर. व्यायाम अगदीच वाया गेला नाही. हात पुढे छातीपर्यंत ताकदीने जातो, पूर्वी तेवढाही जात नव्हता. पण भोक थोडं वाढलं आहे आणि वर जोर नाही. डॉक्टरांनी दंडावर दोन बोटं ठेवली तरी बाबांना हात वर धरून ठेवता येईना. आई खिडकीबाहेर बघायला लागली.

डॉक्टर म्हणाले, व्यायाम असाच चालू ठेवला तर रोजची कामं होतील. जेवणं, कपडे, भिंतीसुद्धा खांद्याच्या उंचीपर्यंत. छत मात्र विसरायचं. ऑपरेशन केलं तर छताची आशा आहे, खात्री नाही. पण अजून थांबलात तर टोक मागे सरकेल आणि मग शिवणं अवघड. म्हणजे आता प्रश्न एवढाच उरतो, तुम्हाला काय हवं?

हे विचारताना ते माझ्याकडेच बघत होते. मीही तोंड उघडलं. तीन महिन्यांत वाचलेलं सगळं तयार होतं, टक्केवारीसकट. पण या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. मी तोंड मिटलं. बाहेर पुढच्या माणसाला नावाने हाक मारल्याचं ऐकू आलं.

‘मला छत पाहिजे,’ बाबा म्हणाले.

मग तारीख बघू या, म्हणत डॉक्टरांनी पेन उचललं. बाबा उठले नाहीत. खुर्चीचा हात डाव्या हाताने धरून बसले होते. मग माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडेही नाही, टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, ‘माझ्या आईला झोपवलं होतं. ती उठली नाही.’

आजी दवाखान्यात वारली एवढंच मला माहीत होतं. पोटाचं काहीतरी होतं, असं सगळे म्हणत. बाबा तेव्हा लहान होते, बाहेर बाकावर बसलेले. कुणीतरी येऊन सांगितलं की झोपेतच गेली, त्रास झाला नाही. बाबा म्हणाले, लोकांना वाटतं हे ऐकून बरं वाटतं.

भूल कशी देतात हे मी त्यांना किती वेळा समजावून सांगितलं. सुई, औषध, नळी. का विचारता, हे एकदाही विचारलं नाही.

१३ मे

डॉक्टरांनी भूल देणाऱ्या बाईंची भेट ठरवून दिली होती. मी बाबांना म्हटलं, प्रश्न लिहून देऊ का? ते म्हणाले, मला तोंड आहे.

बाई वयस्कर आहेत, चष्मा कपाळावर. आजीचं सगळं ऐकून घेतलं, घरात आणखी कुणाला भुलीचा त्रास झाला होता का ते विचारलं. रक्ताच्या आणि हृदयाच्या तपासण्या लिहून दिल्या. तेव्हाच्या आणि आताच्या साधनांतला फरक सांगितला. बाबा ऐकत होते, पण चेहरा हलत नव्हता. शेवटी म्हणाले, मला झोपवल्यावर तुम्ही कुठे असता?

‘तुमच्या डोक्याशी. पूर्ण वेळ.’

‘मध्ये उठत नाही?’

‘नाही.’

‘चहाला?’

‘चहालाही नाही. मशीन श्वास देतं हे खरं, पण मशीनकडे बघायला मी असते. हमी मात्र मी देत नाही. जो देईल त्याच्याकडे जाऊ नका.’

बाबांनी थोडा वेळ त्यांच्या हातांकडे पाहिलं. गिऱ्हाईक नवीन मजुराच्या हातांकडे बघतं तसं. मग म्हणाले, ठीक आहे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, पटलं का? म्हणाले, भीती गेली नाही, पण बाई कामाच्या आहेत.

२६ मे

आज झालं.

आत नेताना त्यांनी आईला काहीतरी सांगितलं, मला ऐकू आलं नाही. काका बाहेर येरझाऱ्या घालत होता. मी त्याला बस म्हटलं तर म्हणाला, तूच बस, तू मघापासून उभी आहेस. मला कळलंच नव्हतं.

टोक शिवलं गेलं, डॉक्टर म्हणाले. वर्ष उलटेपर्यंत छताचं नाव काढायचं नाही.

दुपारी उठले. आईचा चेहरा बघून विचारलं, ‘झालं?’ ती म्हणाली, झालं. मग त्यांचे डोळे भरून आले आणि आईने पदराने तेही पुसले आणि त्यांचं नाकही, लहान मुलाचं पुसावं तसं. काका भिंतीकडे तोंड करून म्हणाला, इथे ऑइल पेंट मारलाय.

१२ जुलै

झोळी निघाली. हात बारीक झाला आहे, दोन्ही हात शेजारी ठेवले की उजवा कुणा दुसऱ्याचा वाटतो. मी हे त्यांच्यासमोर म्हणायला नको होतं. म्हणाले, असू दे, दुसऱ्याचा तर दुसऱ्याचा, कामाला लावू.

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही नव्हतं. आंघोळीला मदत, झोळीचे पट्टे, खुर्चीतली झोप. मी चिडचिड केली, तेही करत होते. काकाबरोबर कामावर जाऊन रंगाच्या डब्यावर बसतात आणि खालून हुकूम सोडतात. काका म्हणतो, पूर्वी दोघं मिळून छत करायचो, आता एक करतो आणि एक बोलतो. पण त्याचं परवाचं छत मालकाने एकदाच बघितलं आणि पैसे दिले.

९ ऑगस्ट

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आता हात स्वतः धरून वर नेतात. गेल्या आठवड्यात कपाळापर्यंत गेला. जोर अजून नाही, तो पुढे येईल. येईलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं आणि बाबांनी नीट ऐकलं.

आज मी नेहमीप्रमाणे आत जायला निघाले तर बाबा दाराशी थांबले. ‘तू बाहेर बस,’ म्हणाले. मी म्हटलं, बाई काही सांगतील ते लक्षात ठेवायला नको का? ‘मी ठेवीन. तू असलीस की मला नीट करता येत नाही.’ रागाने नाही म्हणाले. दार त्यांनी डाव्या हाताने लावलं.

मी बाकावर बसले. शेजारी गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक आजीबाई होत्या. थोडा वेळ आतून बाईंचा मुख्याध्यापिकेचा आवाज येत होता. मग बाबांचा आला. ‘दुखतंय. अहो बाई, दुखतंय, थांबा. थांबा म्हणतो ना!’ मग बाईंचं काहीतरी हळू आवाजातलं, मग बाबांचं आणखी मोठ्याने, आणि मग एक शिवी, जी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. बाकाची कड मी दोन्ही हातांनी धरून ठेवली. उठले नाही.

आजीबाईंनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘तुझे कोण?’

‘बाबा.’

‘फार ओरडतात गं.’

‘हो,’ मी म्हटलं. ‘आता ओरडतात.’